गंध लावलेली हार्ड डिस्क

मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कचा आवाज मला फोनवरूनसुद्धा ओळखू यायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "मॅडम, कॉम्प्युटर कसंतरीच करतोय," की मी सांगायचे, फोन डब्याला लावा. डबा म्हणजे कॅबिनेट. कोणी त्याला सीपीयू म्हणायचं, कोणी मशीन, पण माझ्या दुकानात तो डबाच होता. पलीकडून टक्, टक्, घुर्र, पुन्हा टक् असं ऐकू आलं की मी म्हणायचे, आहे तसा बंद करा आणि रिक्षाने घेऊन या. मांडीवर घेऊन बसा, पायाशी ठेवू नका. लोक खरोखर मांडीवर घेऊन यायचे.

गेल्या वर्षी मी दुकान बंद केलं. आता घरात जे कॉम्प्युटर आहेत त्यांचा आवाजच येत नाही. बटण दाबलं की मुकाट चालू होतात. चांगलंच आहे ते, आणि मीच बोईसर-पालघरातल्या कितीतरी डब्यांमधून जुनी घरघर काढून टाकली. तरीही मला त्या आवाजाची आठवण येते, हे कबूल करायला लाज कसली?

मी मूळची सांगलीकडची. नवऱ्याला तारापूरला नोकरी होती म्हणून लग्नानंतर इकडे आले. कॉलनीतल्या बाकीच्या बायका शिवणाचा नाहीतर ब्युटी पार्लरचा क्लास लावायच्या. मी पालघरला कॉम्प्युटर दुरुस्तीचा लावला, कारण मला लहानपणापासून रेडिओ उघडून बघायची खोड होती आणि त्यासाठी आईचा मारही भरपूर खाल्ला होता. पुढे बोईसर स्टेशनजवळ एका कापडाच्या दुकानावरची खोली मिळाली. सुरुवातीला जिना चढून आलेला माणूस माझ्याकडे बघून विचारायचा, "सर नाहीत का?" मी म्हणायचे, सर बाहेर गेलेत, डबा ठेवून जा. दुरुस्त झालेला डबा न्यायला आला की तोच माणूस सांगायचा, सरांना सांगा, काम एक नंबर झालंय. मी सरांच्या वतीने आभार मानायचे. हे नाटक मला इतकं आवडलं होतं की ते मी गरजेपेक्षा जास्त दिवस चालवलं.

ज्यांनी कधी डबा उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तुमचे फोटो, हिशोब, पोरांचे प्रोजेक्ट हे सगळं जिथे साठतं ती वस्तू म्हणजे हार्ड डिस्क. जुन्या प्रकारच्या डिस्कमध्ये आरशासारख्या लखलखीत थाळ्या असतात. त्या भन्नाट वेगाने फिरतात आणि एक बारीक दांडी त्यांच्यावरून, अगदी स्पर्श न करता, इकडून तिकडे पळत लिहिते-वाचते. दांडी थाळीला टेकली की संपलं. ही फिरणारी वस्तू म्हातारी झाली की कॉम्प्युटर चालू व्हायला इतका वेळ लागतो की माणूस बटण दाबून अंघोळीला जातो. नव्या प्रकारच्या डिस्कला एसएसडी म्हणतात. तिच्यात फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिपा. पत्त्याच्या कॅटएवढी वस्तू, पण ती बसवली की तोच जुना डबा तरण्याबांड पोरासारखा पळायला लागतो. जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं आणि नवी जागेवर बसवायची, एवढंच काम. शेवटची काही वर्षं माझं दुकान मुख्यतः यावरच चाललं. लॉकडाऊनमध्ये पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी लोकांनी माळ्यावरचे डबे खाली काढले, तेव्हा तर जिन्यात रांग लागायची.

डबा उघडला की घर कळायचं. एमआयडीसीतल्या डब्यांमध्ये तांब्याला हिरवट गंज आलेला असायचा, तिथल्या हवेचा तो प्रताप. पिठाच्या गिरणीवाल्याच्या डब्यात भाकरी थापता येईल इतकं पीठ असायचं. चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावरच्या डब्यांना खारं वारं लागायचं, त्यांचे स्क्रू गंजून गच्च बसायचे. एकदा पाल निघाली, तीही जिवंत. ती माझ्याकडे आणि मी तिच्याकडे बघत राहिलो, आणि मग आम्ही दोघींनी एकदम पळ काढला.

एसएसडी बसवल्यावर सगळे खूश व्हायचे असं मात्र नाही. पालघरला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात एक हिशोबनीस होते. त्यांच्या डब्याची डिस्क बदलली आणि आठवड्याने तेच तक्रार घेऊन आले. पूर्वी नको असलेली पार्टी समोर येऊन बसली की ते कॉम्प्युटर चालू करायचे, आणि तो चालू होतोय होतोय म्हणेपर्यंत पार्टी कंटाळून उठून जायची. आता बटण दाबताच सगळं समोर हजर, त्यामुळे उत्तर द्यावं लागतं. मी त्यांना म्हटलं, जुनी परत बसवून देऊ का? त्यावर त्यांनी खरोखर विचार केला आणि मग नको म्हणाले.

एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात बिहारकडचे एक सुपरवायझर होते. मी डिस्क बदलून निघाले तर गेटपर्यंत धावत आले. "मॅडम, वो तो मर गया लगता है. आवाज ही नहीं आ रहा." मी परत गेले, कॉम्प्युटर झकास चालत होता. त्यांनी डब्याला हात लावला, कान लावला, पण समाधान झालं नाही. सगळी हयात मशीनच्या आवाजावर गेली होती त्यांची. पंप, मोटार, मिक्सर, सगळं ते मशीनकडे पाठ करून उभं राहूनसुद्धा ओळखायचे, मग गप्प मशीनवर विश्वास कसा बसणार? मी त्यांना वेड्यात काढलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

पण ज्या डिस्कसाठी हे सगळं लिहायला बसले, ती हरेश्वरभाऊंची.

हरेश्वरभाऊ चिंचणीचे. डाय बनवायचे. आपल्याकडच्या लोकांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. सोन्याचे दागिने घडवायला पोलादाचा ठोकळा लागतो, त्यात नक्षी उलटी आणि खोल कोरलेली असते. सोन्याचा पातळ पत्रा त्यावर ठेवून दाबला की नक्षी पत्र्यावर उठून येते. तो ठोकळा म्हणजे डाय. चिंचणी आणि आसपासच्या गावांत घराच्या पडवीत बसून, भिंग लावून, छिन्नीने डाय कोरणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दागिन्यावर सोनाराचा शिक्का असतो, डायवाल्याचं नाव कुठेच नसतं. डाय एकदा विकली की ती व्यापाऱ्याची. कोरणाऱ्याकडे उरतं ते कागदावरचं चित्र.

हरेश्वरभाऊंकडे असे कागद पेटीभर होते. त्यांचा हात थरथरायला लागला आणि छिन्नी धरणं बंद झालं, तेव्हा त्यांच्या मुलीने, प्रणालीने, तो पसारा हातात घेतला. तिने कॉम्प्युटरवर नक्षी काढायचं शिकून घेतलं होतं. आता पोलाद मशीनवर कोरता येतं, पण मशीनला चित्र कॉम्प्युटरमधूनच द्यावं लागतं. तिने बापाचा एकेक कागद स्कॅन करून, रेघ न् रेघ गिरवून कॉम्प्युटरमध्ये घातला. काम कित्येक महिने चाललं. ती चुकली की भाऊ मागून सांगायचे, पाकळीचं पोट अजून भर, टोक मोड.

शिवाय तिने स्वतःच्या नक्ष्याही काढल्या होत्या. जाळ्याची गाठ, ताडगोळ्याचा गर, शिंपल्याच्या कडेच्या रेघा. भाऊंना त्या फारशा पसंत नव्हत्या. माझ्यासमोरच एकदा म्हणाले होते, जाळ्याची गाठ कोण बाई गळ्यात घालेल? गळ्यात सोनं घालायचं ते जाळं विसरायला. पण मुंबईच्या एका व्यापाऱ्याने दिवाळीनंतर तिच्या नक्ष्या बघायला बोलावलं होतं, आणि ती त्या भेटीकडे डोळे लावून बसली होती.

त्यांचा कॉम्प्युटर रडत रडत चालायचा. दसऱ्याच्या आधी दोघं माझ्याकडे आले. मी डिस्कचा आवाज ऐकला आणि म्हटलं, हिचे दिवस भरलेत, एसएसडी घाला. मागवावी लागणार होती, दसऱ्यानंतर या म्हणून सांगितलं. मी डबा उघडून डिस्क कुठे असते, कशी निघते तेही दाखवलं. भाऊ बघत होते. पन्नास वर्षं भिंगातून बघितलेला माणूस एकदा बघतो तेव्हा सगळंच बघतो. मग त्यांनी विचारलं, जुनीचं काय होतं? मी म्हटलं, बंद पडली की भंगारात. त्यांना ते आवडलं नाही एवढं मला दिसलं.

दसऱ्यानंतर दोघं परत आले तेव्हा प्रणालीचा चेहरा उतरला होता. कॉम्प्युटर चालूच होत नव्हता. मी डबा उघडला, डिस्क बाहेर काढली, उलटी केली आणि बघतच राहिले. डिस्कच्या पोटाशी जी हिरवी पाटी असते, जिच्यावर सगळी विजेची करामत असते, तिच्यावर मधोमध चंदनाचं गंध. त्यावर कुंकू, आणि कुंकवाला चिकटलेला एक तांदळाचा दाणा.

मी विचारलं, हे काय?

भाऊ शांतपणे म्हणाले, "दसऱ्याची पूजा केली. सगळ्या हत्यारांची करतो. ही आता जायची होती ना, बाई. जायच्या आदी मान नको द्यायला?"

त्यांच्या घरची रीतच तशी होती. झिजलेली छिन्नी ते फेकत नसत. शेवटच्या दसऱ्याला तिची वेगळी पूजा व्हायची आणि मग ती देवघराखालच्या खणात जायची. डब्याला बाहेरून गंध लावून भागलं असतं, पण ते त्यांना पटेना. काम करते ती आतली, मग मान आतलीला. तीतसुद्धा ज्या बाजूला नुसतं लेबल आहे तिला नाही, जिथे कारागिरी दिसते त्या बाजूला. म्हणून त्यांनी मी दाखवलं होतं तसे स्क्रू काढले, डिस्क पाटावर मांडली, फुलाने पाणी शिंपडलं, गंध लावलं, आणि पुन्हा जागच्या जागी बसवून ठेवली. बसवली होती अगदी बरोबर. गंधाचं पाणी पाटीच्या कडेतून आत उतरलं होतं, आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने उरलेलं काम केलं होतं.

मला हसावं की रडावं कळेना. मी प्रणालीला विचारलं, मूळ कागद आहेत ना? तिने बापाकडे बघितलं. कागद समुद्रात सोडले होते. सगळे कॉम्प्युटरमध्ये आले म्हटल्यावर भाऊंनी पेटी डोक्यावर घेऊन ओहोटीला नेली आणि देवाच्या जुन्या तसबिरी सोडतात तसे कागद सोडून आले. रद्दीत घालणं त्यांना शक्यच नव्हतं. दुसरी प्रत? पेन ड्राइव्हवर होती, पण चुलतभावाच्या हळदीचे व्हिडिओ मावेनात म्हणून कोणीतरी ती पुसली. दोन प्रती ठेवा, दोन प्रती ठेवा म्हणून मी गिऱ्हाइकांपुढे आयुष्यभर कंठशोष केला. घरोघरी हळदीचे व्हिडिओ जिंकले.

म्हणजे भाऊंनी आयुष्यभर काढलेलं आणि प्रणालीने नव्याने काढलेलं, सगळं त्या गंध लावलेल्या डिस्कमध्ये होतं आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं. भाऊंचा हात आता चहाची बशीही धड धरत नव्हता.

मी दोघांना बसवलं. पाटीचे चांदणीच्या आकाराचे बारीक स्क्रू काढले, पाटी अलगद उचलली. पाटी आणि आतली दांडी जिथे एकमेकींना टेकतात, तिथे पितळी ठिपके असतात. ते काळेहिरवे पडले होते. यावर जगातला सगळ्यात भारी उपाय म्हणजे शाळेतला खोडरबर. मी रबराने एकेक ठिपका घासला, स्पिरिटने पुसला, वाळू दिला. गंधही पुसावं लागलं. पुसताना मी भाऊंकडे बघितलं नाही.

पाटी परत लावून डिस्क चालू केली. आधी काहीच नाही. मग ती घरघर सुरू झाली, चढत गेली आणि स्थिरावली. प्रणालीने माझा दंड धरला. पण मला घरघरीच्या मागचा टक् ऐकू येत होता. ठिपके साफ झाले होते, पण डिस्क मुळातच म्हातारी होती आणि पाणी लागून अर्धवट विजेवर धडपडताना तिला आणखी काहीतरी झालं होतं. असा आवाज एकदा सुरू झाला की तो थांबत नाही, डिस्क थांबते. कधी, ते कोणी सांगू शकत नाही.

एरवी मी जुनीची संपूर्ण नक्कल नवीवर उतरवते. त्याला वेळ लागतो, आणि मध्ये डिस्क अडखळली तर सगळंच अर्धवट राहतं. इथे तो धोका घेण्यात अर्थ नव्हता. त्यापेक्षा एकेक फोल्डर उचलायचं, जे सगळ्यात महत्त्वाचं ते आधी. मी दोघांना तसं सांगितलं आणि विचारलं, आधी काय घेऊ?

"बाबांचं," प्रणाली म्हणाली.

"तिचं घ्या," भाऊ म्हणाले.

मला वाटलं, एकमेकांना मान देताहेत. अशा वेळी मान देत बसायला सवड नसते, म्हणून मी जरा कडक आवाजात म्हटलं, ठरवा लवकर. प्रणाली काकुळतीला आली. तिचं म्हणणं सरळ होतं. तिच्या नक्ष्या तिने काढल्या होत्या, ती पुन्हा काढू शकत होती. थोडे महिने जातील, व्यापारी हातचा जाईल, जाऊ दे. बाबांना पुन्हा काढता येणार नव्हत्या. मलाही तेच पटत होतं. मी माउस बापाच्या फोल्डरवर नेलासुद्धा.

भाऊंनी त्यांचा थरथरता हात माझ्या मनगटाजवळ आणला, लावला नाही.

"बाई, माजं लोकांच्या अंगावर हाय. इकडं जाल तिकडं कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात, कानात हाय. तिचं अजून कोणाच्याच अंगावर नाय. ते फक्त हितंच हाय. आदी तिचं घ्या."

प्रणाली तोंड फिरवून खिडकीकडे गेली. मी तिचं फोल्डर उचललं.

फाइलींची नावं पडद्यावरून सरकत होती. गाठ, ताडगोळा, शिंपली, शिंपली दोन. खाली कापडवाला कोणाला तरी चादरी उलगडून दाखवत होता, त्याचं बोलणं वर ऐकू येत होतं. मी त्या डिस्कच्या आवाजावर कान लावून बसले होते. इतकी वर्षं मी हा आवाज ऐकून निदान करत आले, पण चाल, अजून थोडं चाल, असं मनातल्या मनात विनवलं ते त्याच दिवशी. प्रणालीचं शेवटपर्यंत उतरलं. मग भाऊंचं सुरू केलं. मंगळसूत्राच्या वाट्या आल्या. कर्णफुलं आली. ठुशीचे मणी, पोह्यांचे हार आले. मला वाटायला लागलं की ही डिस्क सगळं देऊन जाते.

पाटल्या-बांगड्यांचं फोल्डर सुरू झालं आणि टक् वाढला. नाव सरकायचं थांबलं. टक्, टक्, टक्, मग एक लांब खरखर, आणि थाळ्या थांबल्याचा तो उतरता आवाज. मी बंद करून थंड होऊ दिली, पुन्हा लावली. पुन्हा ठिपके घासले. दुसऱ्या दिवशीही सगळे उपाय केले. पुढे मुंबईला, डिस्क खोलून माहिती काढणाऱ्यांकडे पाठवून बघितली. थाळीवर ओरखडे आलेत, काही निघणार नाही, असं त्यांनी कळवलं.

बांगड्या गेल्या. आणि बांगडी हेच भाऊंचं खरं काम होतं, हे मला प्रणालीने नंतर सांगितलं. वाट्या आणि कर्णफुलं सगळेच कोरतात. बांगडीची नक्षी गोल फिरून स्वतःला मिळाली पाहिजे, सांधा दिसता कामा नये. त्यात भाऊंचा हात धरणारं कोणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं. माझ्या हातून अनेक डिस्क गेल्या, पण त्यांतल्या कुठल्याही डिस्कसाठी मी घरी येऊन रडले नव्हते. नवऱ्याला वाटलं, गिऱ्हाईक काही बोललं असेल. गिऱ्हाईक काहीच बोललं नव्हतं. उलट निघताना भाऊंनी मेलेली डिस्क मागून घेतली, रुमालात गुंडाळली आणि माझ्याकडे हसून बघितलं. ती आता छिन्न्यांच्या खणात आहे.

त्यांच्या डब्यात मी एसएसडी बसवून दिली. तो आता चटकन चालू होतो आणि आवाज करत नाही. व्यापाऱ्याने प्रणालीच्या नक्ष्यांपैकी काही घेतल्या, त्यात जाळ्याची गाठ होती. भाऊ म्हणाले म्हणे की मुंबईच्या बायकांनी जाळं कुठे बघितलंय, त्या घालतील. पण पहिली डाय कोरून आली तेव्हा ती भिंगाखाली धरून बराच वेळ बघत होते, असंही प्रणाली म्हणाली.

मग लग्नसराई आली. प्रणालीने एक नवंच काम सुरू केल्याचं माझ्या कानावर आलं. ती भाऊंना घेऊन लग्नांना जायची. चिंचणीत, वरोरला, वाणगावला, जिथे ओळखीपाळखीचं लग्न असेल तिथे. भाऊ मांडवात खुर्चीवर बसायचे आणि बायकांच्या हातांकडे बघायचे. आपली नक्षी दिसली की मुलीला खुणावायचे. ती त्या बाईपाशी जाऊन सगळी हकीकत सांगायची आणि हाताचा फोटो मागायची. सुरुवातीला बायका दचकायच्या, नंतर अशाच बांगड्या असलेल्या माहेरच्यांची नावं स्वतःहून सांगायला लागल्या. फोटोवरून ती नक्षी पुन्हा गिरवायची. बाप मागे उभा राहून पाकळीचं पोट भरायला सांगायचा.

मी दुकान आवरत होते तेव्हा प्रणाली आली. फळ्या रिकाम्या झाल्या होत्या, जुन्या डब्यांचे सांगाडे एका कोपऱ्यात रचले होते. मला वाटलं, दुकान बंद होतंय म्हणून भेटायला आली असेल. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "काकू, तुमचा हात दाखवता?"

मला काही कळेना. माझ्या हातात रोजच्या दोन बांगड्या होत्या. पालघरच्या सोनाराकडून घेतलेल्या, घेऊन बरीच वर्षं झाली होती. वेलीची नक्षी आहे, एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत होतं.

"त्या दिवशी डिस्क उघडायच्या आधी तुम्ही या काढून टेबलावर ठेवल्या होत्यात," ती म्हणाली. "बाबांनी तेव्हाच ओळखल्या. मला घरी गेल्यावर सांगितलं."

मी खुर्चीवर बसले. पाटीचे ठिपके घासत होते, डिस्कला विनवत होते, ती अखेरच्या घटका मोजत होती, आणि तेवढा सगळा वेळ त्यांची वेल माझ्या कोपराशेजारी पडली होती. मी म्हटलं, अगं, मग बोलले का नाहीत?

"ते म्हणाले, बाईंचा हात चाललाय, मदी बोलायचं नाय."

मी बांगड्या काढायला लागले, म्हटलं, ने, घरी ने, नीट भिंगाखाली बघू दे त्यांना, हव्या तितके दिवस ठेवा. तिने माझा हात धरून थांबवला आणि फोन काढला.

"काढू नका, काकू. काढलेल्या त्यांनी त्या दिवशी बघितल्या. आता हातातल्या बघायच्यात म्हणाले."

मी उठून खिडकीपाशी गेले आणि हात उजेडात धरला.